वायसरच्या छातीतली वीज

"पंप बिघडलाय तर पंप उघडा की, डॉक्टर. वायरी कशाला चाचपताय?"

"पंप बिघडलेला नाही, मामा."

"मग झडपा गेल्या असतील."

"झडपा ठणठणीत आहेत."

"मग नळ्या तुंबल्यात. माझं वयच तुंबायचं."

"नळ्या मोकळ्या आहेत. मामा, तुमच्या हृदयाला प्लंबर नकोय. वायरमन पाहिजे."

उघड्या छातीवर चिकटपट्ट्या लावून पलंगावर पडलेल्या माणसाला एवढ्याशा बोलण्याचं काय वाईट वाटायचं? पण वायसरला वाटलं. चांगलंच झोंबलं. उभा जन्म त्याने पाण्याच्या बाजूने काढला होता आणि आता त्याच्याच छातीने पक्ष बदलला होता.

वायसर हे काही आईबापाने ठेवलेलं नाव नव्हे. नळाच्या पोटात रबराची टिकली बसते, ती वायसर. ती झिजली की नळ टिपकायला लागतो. या गड्याच्या खिशात त्या टिकल्या कायम खुळखुळायच्या. लग्नाच्या दिवशीसुद्धा रुमाल काढायला खिशात हात घातला आणि चार टिकल्या बायकोच्या पायाशी सांडल्या. तेव्हापासून लहानथोर सगळे वायसर, वायसरमामा. संशोधन संस्थेच्या तीन मजली इमारतीत पाणी खेळतं ते याच्या जिवावर. खालच्या मजल्याला लागून काचघर, तिथे रोपांना काय खायला लागतं ते तपासतात. मधल्या मजल्यावर हृदयाचा दवाखाना आणि त्यावरचा अभ्यास. वर जंतूवाले. तिन्ही मजल्यांवर मोठमोठी माणसं मोठमोठं बोलायची. वायसरच्या मते तिन्हींचा जीव एकाच टाकीत होता, आणि टाकीला शिडी होती, आणि शिडीवर तो होता.

गेले काही महिने शिडीवर चढताना छातीत भलतंच व्हायला लागलं होतं. पंपात हवा धरली की तो कसा भकभकतो, मधेच थांबतो, मधेच सुटतो, अगदी तसं. धाप लागायची, डोळ्यांपुढे काजवे. गोळ्या झाल्या, गोळ्या बदलून झाल्या. म्हणून आज ठोकेडॉक्टरने त्याला पलंगावरून उठवून समोर बसवलं आणि नीट सांगितलं. ठोकेडॉक्टर म्हणजे मधल्या मजल्यावरचा डॉक्टर. हृदयाचे चुकलेले ठोके ताळ्यावर आणणं हेच त्याचं काम.

"हे बघा," डॉक्टरने मूठ आवळून दाखवली, "हृदयाचे वरचे दोन कप्पे आधी आवळतात, मग खालचे दोन. आवळ म्हणून हुकूम सोडते ती बारीकशी वीज. ती एकाच जागेवरून निघायला हवी. तुमच्यात नको तिथूनही ठिणग्या निघतात. फुप्फुसातून रक्त घेऊन येणाऱ्या नळ्या हृदयात शिरतात ना, त्यांच्या तोंडातून. हुकूम देणारे दहा झाले की कप्पे आवळायचे सोडून नुसते थरथरतात."

"थरथरू देत. काम चाललंय ना?"

"थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं. साचलं की गाठ होते. गाठ सुटून मेंदूकडे गेली की तोंड वाकडं, हात लुळा."

हे मात्र वायसरला लगेच पटलं. साचलेल्या पाण्याचं भलं झालेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"मग उपाय?"

"जांघेतल्या नळीतून एक तार वर न्यायची आणि त्या तोंडांच्या भोवती बारीक बारीक डाग द्यायचे."

"बैलाला देतात तसा?"

"वाटाण्याहून लहान."

"आणि परत गळायचं नाही?"

"तसं वचन देत नाही. काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं. पण आम्ही गोळीवाले आणि डागवाले दोन्ही बघत आलोय. डागवाल्यांचा ताल जास्त टिकतो. आणि दुखणं फार मुरायच्या आत केलं तर आणखी बरं."

वायसरने पहिल्यांदा डॉक्टरकडे जरा मानाने पाहिलं. परत गळणार नाही असं छातीठोक सांगणारा प्लंबर खोटारडा, हा त्याचा पक्का अनुभव होता.

"मग कधी करायचं?" डॉक्टरने विचारलं.

"आधी मला कळू द्या."

"काय कळायचं राहिलंय?"

"एवढा मोठा पंप. त्याच्या एका कडेला वाटाण्याएवढा डाग. तेवढ्याने सगळं वठणीवर कसं येतं? मी न समजता दुसऱ्याच्या नळाला हात लावत नाही. माझ्या पंपाला तुम्हाला कसा लावू देऊ?"

डॉक्टर हसला. "महिनाअखेरपर्यंत समजून घ्या. पण तोवर टाकीची शिडी बंद. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे तुम्हाला. वरून पडलात तर गळती थांबायची नाही. आणि महिनाअखेरीला नाही म्हणालात, तर शिडी कायमची बंद. टाकीला दुसरा माणूस बघायला सांगणार मी."

टाकीला दुसरा माणूस! वायसर शर्टाची बटणं वरखाली लावून बाहेर पडला.

घरी बायको शिलाईमशीनवर होती. तिने पाय न थांबवता सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे विजेचं दुखणं," ती म्हणाली.

"हळू बोल."

"वीस वर्षं माझ्या भावाला नावं ठेवलीत. आता त्याचं खातं तुमच्या छातीतच निघालं म्हणा."

"त्याला सांगायचं नाही, सांगून ठेवतो."

"मी कशाला सांगू? त्याने दुपारीच येऊन विचारलं, दाजींचा फ्यूज उडाला का म्हणून."

बायकोचा धाकटा भाऊ त्याच इमारतीत वायरमन. त्याला सगळे फ्यूज म्हणायचे. वायसर आणि फ्यूज एकमेकांना पाण्यात पाहायचे. फार वर्षांपूर्वी एक पाइप टिपकला, थेंब विजेच्या बोर्डावर पडले आणि अख्खा मधला मजला अंधारात गेला. एक म्हणे, पाण्याखाली बोर्ड लावला कुणी? दुसरा म्हणे, बोर्डावर पाणी आणलं कुणी? त्या भांडणाचा निकाल अजून लागायचा होता. घरी ताटाला ताट लावून जेवायचे, पण इमारतीत भिंत फोडायची म्हटली की आधी हातोडी कुणाची, यावरून तासभर जुंपायची. फ्यूजला विचारलं असतं तर छातीतल्या विजेचं चार शब्दांत कळलं असतं. पण विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि वायसरचं तोंड त्या बाबतीत गंजलेल्या कॉकसारखं झालं होतं.

"मग करून घेणार की नाही?" बायकोने दोरा दाताने तोडला.

"बघतो."

"बघत बसा. तोंड वाकडं झालं तर मग मला डोळे मिचकावून बघा."

शिडी बंद झाल्यामुळे वायसरकडे वेळच वेळ होता. आणि रिकामा प्लंबर म्हणजे चांगल्या नळांना धोका. तो काचघरात घुटमळायला लागला.

काचघरात मातीचा कण नव्हता. रोपं पाण्यातच वाढवायची, त्यांना लागेल ते सगळं पाण्यात विरघळवून द्यायचं. पण एकेका ओळीच्या पाण्यातून एकेक गोष्ट मुद्दाम वगळायची आणि काय होतं ते बघायचं. एका ओळीला लोह नाही, ती पिवळी पडायची. एका ओळीला जस्त नाही, तिची पानं बारकी आणि शेंडा बसका. वायसर त्या ओळीला बुटक्या म्हणायचा आणि तिच्याबद्दल त्याला जरा माया होती. काम बघणारी रोपबाई पोरगेलीच होती. तोंडाने फटकळ आणि कामात अशी बुडालेली, की चहाच्या कपात पान पडलं तर आधी पानाची शीर बघायची.

यंदा बुटक्या उंच झाल्या होत्या. चांगल्या तरारून कमरेला लागल्या होत्या. रोपबाई आठवडाभर हवेत होती. जस्ताशिवाय वाढणारं बियाणं आपल्या हाती लागलं, असं तिने खालीवर सगळ्यांना सांगितलं. मग तिचं तिलाच खटकलं. तिने पाणी तपासलं आणि वायसरला बोलावून घेतलं.

"मामा, इथे कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरत नाही. मी स्वतः बघितलंय, थेंब गळत नाही."

"आधी गळत होतं?"

"गळत होतं की, रोपं लहान होती तेव्हा! या ओळीच्या तोंडाशी तुमचा तो प्लॅस्टिकचा एल्बो होता, वळणाचा सांधा, पोरांच्या खेळण्यातला. टिपटिप टिपटिप. मला बघवेना. काढून टाकला. माझ्या शिलकीतला एक होता जपून ठेवलेला, तो बसवला. जस्ती."

रोपबाई बादली पालथी घालून तिच्यावर बसली.

"जस्ती," ती म्हणाली.

"अस्सल. जाड मुलामा. जन्मात गंजायचा नाही."

"मामा, या ओळीला जस्त मिळू नये म्हणून मी पाणी तीन तीनदा गाळून घेते. धातूचा चमचा आत आणत नाही. कानातले काढून ठेवते. आणि तुम्ही तिच्या तोंडात जस्ताची बाटली दिलीत."

वायसरला आधी हसूच आलं. मग तिचा चेहरा बघून ते अर्ध्यात अडकलं.

"पण ते पाण्यात उतरेल कसं? लोखंड आहे ते, साखर नाही."

"माझं पाणी किंचित आंबट असतं. आंबट पाणी जस्त चाटतं."

"चाटून चाटून किती चाटणार?"

"चिमटीत धरता येणार नाही इतकं."

"आणि तेवढ्यावर ही सगळी ओळ?"

"तेवढंच लागतं तिला! ते नसलं की बुटकी, असलं की अशी. आडात नव्हतं ते पोहऱ्यात कुठून आलं म्हणून मी चार दिवस डोकं फोडतेय. सगळ्यांना सांगून बसले मी, मामा. आता सगळ्यांना परत जाऊन सांगायचं, की नवं बियाणं नाही, आमचा प्लंबर आहे."

वायसरने एल्बो सोडवला आणि उजेडाकडे धरला. आतल्या वळणावरची चकाकी गेली होती, जिभेने चाटल्यासारखी. आपल्या हाताने, चांगल्या मनाने बसवलेला सांधा. काम चोख होतं, थेंब गळत नव्हता, आणि तरी सगळं चुकलं होतं. असं त्याच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं. निदान त्याला कळलं तरी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काचघराच्या दारावर पुठ्ठा लटकला. 'धातू घेऊन आत येऊ नये.' त्याखाली बारीक अक्षरात, 'वायसरमामा, हे तुमच्यासाठी.'

तरी तो रोज जायचा. पाना दाराबाहेर ठेवायचा, खिशातली नाणीसुद्धा काढायचा आणि उंच झालेल्या बुटक्यांपुढे उकिडवा बसायचा. रोपबाई आधी पाठ फिरवून आपल्या बाटल्या भरत राहायची. मग एक दिवस त्यानेच आरोळी ठोकली, "बाई, या! बारकी आली!"

खरंच, शेंड्याची नवी पानं बोटाच्या पेरासारखी निघाली होती. खालची जुनी पानं तशीच रुंद, वरची खुरटी.

"खूश काय होताय? आजारी पडलीत ती," रोपबाई म्हणाली. पण तीही वाकून बघत होती.

"सगळं झाड तेच. पाणी तेच. ऊन तेच. तोंडाजवळचा वीतभर तुकडा बदलला."

"हो. तेच तर."

पायाला मुंग्या आल्या तेव्हा वायसर उठला.

महिना संपत आला. त्या सुमाराला जंतूवाल्यांचा निरोप आला. त्यांच्या मजल्यावर पूर्वी एक बेसिन होतं, ते काढून टाकलं होतं. पण त्याच्याकडे जाणारा पाइपचा फाटा भिंतीतच राहिला होता, आणि त्या मजल्याच्या पाण्यात पुन्हा पुन्हा जंतू सापडत होते. वायसरने दोनदा फाट्याच्या टोकाला बूच बसवलं होतं. दोन्ही वेळा जंतू परत हजर.

"मामा, तुमचं बूच पक्कं आहे हो," जंतूवाले सर म्हणाले, "पण जागा चुकली. टोक बंद केलं तरी मधलं पाणी तिथेच साचून राहतं. त्यात जंतू घर करतात आणि चालत्या पाण्यात उतरतात. फाटा फुटतो तिथेच कापा. अगदी तोंडाशी."

एरवी वायसरने वाद घातला असता. जस्ती एल्बो झाल्यापासून तो जरा ऐकायला शिकला होता.

त्याच भिंतीतून विजेच्या तारा गेल्या होत्या, म्हणजे फ्यूजला बोलावणं आलंच. दोघं त्या अरुंद खोलीत शिरले. पोटाला पोट लागत होतं.

"आधी हातोडी कुणाची, दाजी?"

"तुझी."

फ्यूजने टॉर्च त्याच्या तोंडावर मारला. "बरं नाही का?"

भिंत फुटली. मजल्याचं पाणी बंद केलं, तारा बाजूला घेऊन झाल्या. वायसरने करवत लावली आणि मुख्य पाइपाला लागून फाटा कापला. तुकडा हातात आला. आतून शेंबडासारखा हिरवट थर. वास असा, की फ्यूजने सदऱ्याचं टोक नाकाला लावलं. एवढा वेळ ओणवं राहिल्याने असो की कशाने, वायसरच्या छातीत तेव्हाच सुरू झालं. भक, भकभक, काहीच नाही, भक. तो भिंतीला टेकून खाली बसला.

फ्यूजने त्याचं मनगट धरलं. मग म्हणाला, "दाजी, हे काय लावलंय? लूज कनेक्शन."

"एक विचारू?"

"वीस वर्षांत पहिल्यांदा विचारताय. थांबा, मीपण बसतो."

"एखाद्या लाइनीत नको तिथे ठिणगी पडायला लागली, तर काय करतोस? सगळा बोर्ड बदलतोस?"

"बोर्ड कशाला? ती वायर जिथे बोर्डाला मिळते तिथेच तोडतो आणि टेप मारतो."

"मग ठिणगी विझते?"

"विझायची गरजच काय? पडू दे आत हवी तेवढी. बाहेर यायला वाट मिळाली नाही म्हणजे झालं."

वायसरने हातातल्या कापलेल्या तुकड्याकडे पाहिलं, मग भिंतीतल्या मुख्य पाइपाकडे. तिथे आता वाटाण्याएवढाच घाव दिसत होता, बाकी अख्खा पाइप जसाच्या तसा. छातीतलं भकभकणं चालूच होतं. पण आता त्याला ते ऐकायला आल्यासारखं वाटलं, भिंतीतून पाण्याचा आवाज ऐकावा तसं.

"विझवायचंच नाहीये त्यांना," तो म्हणाला. "तोंडाशी तोडायचंय."

"कुणाला? काय?"

"तू बूच बसव तोवर. मी खाली जाऊन येतो."

"मी? पाण्याचं काम?"

"हात झडणार नाहीत तुझे."

ओल्या पँटनिशी, हातात तो घाणेरडा तुकडा घेऊन वायसर थेट ठोकेडॉक्टरच्या खोलीत शिरला. डॉक्टरने पहिल्यांदा तुकड्याकडे पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"या आठवड्यात करा," वायसर म्हणाला. "पण मला पुरतं झोपवायचं नाही. आणि पडदा माझ्याकडे वळवायचा."

झालं तसंच. अर्धवट गुंगीत, पांघरुणाखाली वायसर पडला होता आणि शेजारच्या पडद्यावर रंगीत रेघा पळत होत्या. तार आत कुठे गेली ते त्याला कळलं नाही. छातीत खोल कुठेतरी चटका बसल्यासारखं दुखलं, मग ओसरलं. डॉक्टरने एक रेघ दाखवली. तिच्यावर वेडेवाकडे काटे उठत होते, टोचून उठवल्यासारखे.

"या त्या ठिणग्या, मामा. नळीच्या तोंडातल्या."

चटका, पुन्हा चटका. आणि मग एकदम त्या रेघेवरचे काटे गळून पडले. बाकीच्या रेघा चालूच होत्या. ती तेवढी सपाट.

"बंद झाला?" वायसरची जीभ जड झाली होती.

"एक फाटा बंद. अजून तीन आहेत."

"चार फाटे! मुख्य लाइनीवर चार फाटे काढले कुणी?"

"ती तक्रार माझ्याकडे घेत नाहीत," डॉक्टर म्हणाला.

बाहेर फ्यूज येईल त्याला सांगत होता, शेवटी आमच्याच खात्याचं काम निघालं. बायकोने त्याला गप्प बसवलं आणि आत जाऊन नवऱ्याचं मनगट धरलं. ती ठोके मोजत नव्हती. शिवणकामाचा हात तिचा, टाके सारखे पडताहेत की नाही तेवढं तिला बोटाला कळायचं.

"सरळ शिवण आहे," ती म्हणाली.

"अजून काही दिवस मधेच उसवेल म्हणालेत."

"उसवू दे. तोंड तर जागेवर आहे."

मधे एकदोनदा छातीने भकभकून बघितलं, मग दम खाल्ला. डॉक्टरने आधी हलकी कामं दिली, आणि पुढे एक दिवस शिडीचं काय असं विचारायच्या आतच वर बोट दाखवलं. वायसर टाकीवर चढला, धाप न लागता. वरून खाली बघत जरा वेळ उभा राहिला, आणि तेवढ्यात खालून हाक आली.

"मामा! गळतंय!"

काचघरात नव्या ओळी लागल्या होत्या. रोपबाईने आता उलटं धरलं होतं. एका ओळीला जस्ताचा अगदी अंश, पुढचीला त्याहून जरा जास्त, असं करत करत ती बघत होती, बुटकीची उंच व्हायला कमीत कमी किती पुरतं.

"कळलं का किती लागतं?"

"अजून नाही. आधी हे टिपकणं थांबवा."

वायसरने पाना दाराबाहेर ठेवला. खिसे उलटे करून दाखवले. रबराच्या टिकल्या तेवढ्या राहू दिल्या. मग रोपबाईने पुढे केलेला प्लॅस्टिकचा एल्बो हातात घेऊन त्याने त्यात फुंकर मारली, त्याला एक सणसणीत शिवी घातली, आणि ओळीच्या तोंडाशी गुडघे टेकून तो बसवायला लागला.